दिसले नाही म्हणजे नाही काय?

‘नाही’ हा शब्द आपण दिवसातून शंभर वेळा उच्चारतो. डब्यात मीठ नाही, विहिरीला पाणी नाही, आज फाट्यावर एसटी आली नाही. या प्रत्येक ‘नाही’च्या मागे काहीतरी पाहणे असते. कोणी डब्यात हात घालून पाहिलेले असते, कोणी विहिरीत डोकावलेले असते, कोणी फाट्यावर तासभर उभा राहिलेला असतो. न पाहताच ‘नाही’ म्हणणाऱ्याला आपण खोटा म्हणतो. पण पाहून ‘नाही’ म्हणणारासुद्धा खोटा ठरू शकतो, हे सहसा आपल्या ध्यानात येत नाही. या दुसऱ्या प्रकारच्या खोटेपणाचा विचार आम्हाला आज वाचकांपुढे मांडावयाचा आहे. हा विचार केवळ शब्दांचा खेळ नव्हे. हल्ली या एका शब्दावर हजारो एकर जमिनीचे आणि तिच्यावर राहणाऱ्या मुक्या जीवांचे भवितव्य ठरत असते.

कसे ते सांगतो. कोठे खाण काढायची, मोठा कारखाना उभारायचा, धरण बांधायचे, तर त्या जागेची आधी पाहणी करावी लागते. केंद्र सरकारने १४ सप्टेंबर २००६ रोजी जी अधिसूचना काढली, तीप्रमाणे ठरावीक मोठ्या प्रकल्पांना पर्यावरणीय मंजुरी घ्यावी लागते आणि बहुतेकांना त्यासाठी अहवाल द्यावा लागतो. जमीन कशी, पाणी कोठले, हवा कशी, झाडेझुडपे कोणती, पशुपक्षी कोणते, हे सारे त्या अहवालात यायचे. हा अहवाल लिहिण्याचा एक धंदाच आता झाला आहे. लिहिणाऱ्याला पर्यावरण सल्लागार म्हणतात. त्याच्याबरोबर झाडांचा जाणकार, पाखरांचा जाणकार असे दोन-चार लोक येतात. पहाटे माळावर एक रेघ धरून चालत जायचे आणि दोन्ही अंगांना जे दिसेल ते टिपायचे, पाऊलखुणा, विष्ठा, बिळे, पिसे पाहायची, रात्री बॅटरी घेऊन हिंडायचे, झुडपात आपोआप छबी टिपणारे कॅमेरे बांधून ठेवायचे, गावकऱ्यांना विचारायचे, आणि त्यावरून ठरवायचे, की या जागेत बिऱ्हाड कोणाकोणाचे आहे. जीव जेथे चरतो, लपतो, वितो, पिले वाढवतो, त्या जागेला शास्त्रात अधिवास म्हणतात. आपण बिऱ्हाडच म्हणू. बिऱ्हाडांची ही यादी झाली की तीवरून जमिनीचा आराखडा होतो. कोठे खोदावे, कोठे हात लावू नये, काय राखावे, काय लावावे, हे त्यात ठरते.

काम मोठे जोखमीचे आहे. कोर्टात साक्ष देणारा ज्याच्याविषयी बोलतो तो माणूस समोर बसलेला असतो. साक्ष खोटी वाटली तर तो वकील देतो, उलटतपासणी घेतो, निदान ओरडतो तरी. इथे ज्याच्याविषयी साक्ष चालली आहे ते खोकड, ती टिटवी, ते गवत, यांपैकी कोणीच सुनावणीला येत नाही. ‘येथे महत्त्वाचे वन्यजीव आढळले नाहीत,’ असे एक वाक्य अहवालात पडले, की पुढे सगळे कागद त्याच वाक्यावर चालतात. ‘आढळले नाहीत’ याचे दोन-तीन टेबले ओलांडेपर्यंत ‘नाहीत’ असे होऊन जाते. मग यंत्रे येतात.

आता प्रश्न असा, की आढळले नाही यावरून नाही असे म्हणण्याचा अधिकार माणसाला केव्हा येतो?

आपल्याकडील शास्त्रकारांनी या प्रश्नाचा फार बारकाईने विचार करून ठेवला आहे. ज्ञान ज्या साधनांनी होते त्यांना प्रमाणे म्हणतात. डोळ्यांनी दिसते ते प्रत्यक्ष. धुरावरून अग्नी ओळखतो ते अनुमान. अशी ती मोजताना कुमारिल भट्टांच्या परंपरेतील मीमांसक आणि अद्वैत वेदान्ती यांनी सहावे एक प्रमाण मानले. त्याचे नाव अनुपलब्धी. जमिनीवर घडा नाही हे आपल्याला कशाने कळते? घडा दिसत नाही, याने. एवढे म्हणून ते थांबले असते तर आमच्या सल्लागारांचे फावले असते. पण त्यांनी लगेच अट घातली. अनुपलब्धी नुसती असून चालत नाही, ती योग्य पाहिजे. म्हणजे असे, की घडा तेथे असता तर तो दिसलाच असता, अशी परिस्थिती पाहिजे. उजेड पाहिजे, डोळे धड पाहिजेत, मध्ये आडपडदा नको. अंधाऱ्या खोलीत उभा राहून कोणी म्हणाला, ‘घडा दिसत नाही, म्हणून घडा नाही,’ तर त्याचे पहिले वाक्य खरे आणि दुसरे खोटे. दोन्ही वाक्ये एका दमात म्हटली म्हणून पहिल्याचा खरेपणा दुसऱ्याला चिकटत नाही.

ही अट पदरात बांधून वाचकांनी आमच्याबरोबर माळावर चलावे.

खाणींसाठी अहवाल कसा करावा, याची सरकारने ठरवून दिलेली नमुना-कलमे आहेत. त्यांत हवा, पाणी, आवाज, माती, वनस्पती आणि प्राणी यांची माहिती एका ऋतूत गोळा करावी आणि तो ऋतू पावसाळा सोडून असावा, असे सांगितले आहे. हवेपुरते हे ठीक आहे. पावसाने धूळ बसते, हवा असते त्याहून स्वच्छ भासते, म्हणून पावसाळा वगळणे शहाणपणाचे. पण एकाच दावणीला सगळी जनावरे बांधावीत तसे झाडाझुडपांना, पशुपक्ष्यांनाही त्याच कलमात बांधले गेले. पावसाळ्यात जाऊन अधिक पाहू नका, अशी मनाई कोणी केलेली नाही. परंतु मागितले तेवढेच द्यावे, ही धंद्याची रीतच आहे.

आणि आपला माळ जिवंत होतो तो केव्हा? वारकऱ्याला हे समजावून सांगायला नको. ज्येष्ठ वद्यात देहू-आळंदीहून पालख्या निघतात. एक वाट दिवे घाट चढून सासवड, जेजुरी, वाल्ह्यावरून लोणंद-फलटणकडे जाते. दुसरी वरवंड, उंडवडी, बारामतीवरून इंदापूरकडे उतरते. या दोन्ही वाटांच्या आजूबाजूला माळ आहे. आपण त्याच्या कडेने चालतो ते पहिल्या-दुसऱ्या पावसात. तेव्हा गवताला कोंब फुटलेले असतात, डबक्यात बेडूक ओरडत असतात, चंडोल गात गात आभाळात चढत असतो. हाच माळ चैत्रात पाहावा. नुसता फुफाटा. ज्याने तो चैत्रातच पाहिला, त्याने ‘येथे काही नाही’ असे लिहिले तर तो आपल्या डोळ्यांशी प्रामाणिकच आहे. मात्र अंधाऱ्या खोलीत उभा आहे.

दोन-तीन उदाहरणे घेऊ. कंदीलपुष्प नावाची एक नाजूक वनस्पती आपल्या डोंगरपठारांवर उगवते. तिच्या पुष्कळ जातींचा जमिनीवरचा भाग पावसाळा संपला की वाळून जातो आणि ती कंदाच्या रूपाने मातीखाली निजून राहते. मार्चमध्ये तिच्या डोक्यावर पाय देऊन गेलात तरी कळायचे नाही. दुसरे, तणमोर. हा पक्षी विदर्भात अकोला-वाशीम भागात अजून आहे. पावसाळ्यात त्याचा नर गवताच्या वर उंच उडी घेतो, पुन्हा गवतात पडतो, पुन्हा उडी घेतो. दिवसातून शेकडो वेळा. तेव्हा तो आंधळ्यालाही दिसेल. इतर महिन्यांत तो पांगतो आणि जेथे असतो तेथेही गवतात असा दबून राहतो, की पायात आल्याशिवाय सापडत नाही. त्याला हेरण्यात तरबेज कोण, तर फासेपारधी. पूर्वी त्याची शिकार करणाऱ्या या समाजातील माणसेच त्या भागात आता त्याची राखण आणि मोजदाद करू लागली आहेत. तिसरा, माळढोक. सोलापूरजवळ नान्नजला त्याच्यासाठी १९७९ साली अभयारण्य झाले. त्याचीही वीण मुख्यतः पावसाळ्यातच. मादी घरटे बांधत नाही. उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते. आज साऱ्या देशात माळढोक फारच थोडे उरले आहेत. एकेक अंड्याचा हिशेब ठेवावा अशी वेळ आली असताना, अंडे घालण्याचा ऋतूच पाहणीतून वगळायचा?

सरकारी दफ्तरात या माळाला नावे काय, तर पोटखराबा, गायरान, पडीक. देशभरच्या पडीक जमिनींचा म्हणून जो नकाशासंग्रह निघतो, त्यात झुडपांचे माळ पडीकच्या सदरातच घातलेले असतात. नांगर चालत नाही म्हणून खराब. कोणी राहत नाही म्हणून पडीक. कोणी राहत नाही, हे ठरवले कोणी?

समजा, फलटणच्या अलीकडे माळावर एक तरुण सल्लागार मेंढपाळाला विचारतो, “मामा, इथं लांडगा आहे का?”

“हाय की. परवाच कोकरू नेलं.”

“रोज दिसतो का पण?”

“रोज दिसायला त्यो काय चाकरीला हाय?”

मेंढपाळाने शास्त्रकारांचे नावही ऐकलेले नसेल, पण योग्य अनुपलब्धीचा सिद्धान्त त्याने एका वाक्यात सांगून टाकला.

न दिसणारा जीव किती काळ असूनही नसल्यासारखा राहू शकतो, याचे उदाहरण आपल्या खानदेशातच घडलेले आहे. रानपिंगळा नावाचे एक लहान घुबड आहे. शास्त्राला त्याची ओळख १८७३ मध्ये झाली. १८८४ नंतर त्याचा खात्रीलायक नमुना कोणालाच मिळाला नाही. पुष्कळ जाणकारांनी तो नामशेष झाला असे मानले. मात्र मधल्या काळात मांडवी, गुजरात येथे १९१४ साली मिळाला असे लिहिलेला एक नमुना संग्रहात होता. तो ठेवणारा रिचर्ड माइनर्ट्झहागेन हा नावाजलेला इंग्रज पक्षितज्ज्ञ. अमेरिकेतील संशोधक पामेला रासमुसेन यांनी त्याचा संग्रह तपासला, तेव्हा त्याने संग्रहालयातील जुने नमुने चोरून, त्यांवर स्वतःच्या नावाच्या खोट्या चिठ्ठ्या लावल्याचे उघडकीस आले. रानपिंगळ्याचा तो नमुनाही तसलाच निघाला. तेव्हा ती चिठ्ठी बाजूला सारून, जुने खरे नमुने जेथून आले होते तेथेच शोध घ्यायचे त्यांनी ठरवले. नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या जंगलात रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांना रानपिंगळा दिसला. दिवसाउजेडी, झाडावर बसलेला. ११३ वर्षे त्याला ‘नाही’च्या खात्यात घातले होते, तो कोठे गेलेला नव्हता. पुढे मेळघाटात, मध्य प्रदेशात, तानशाच्या रानातही तो सापडला.

या हकिकतीत दोन खोट्या साक्षी आहेत. एक ‘नाही’ची. ती देणारे लबाड नव्हते, फक्त पुरते न पाहता बोलले. दुसरी ‘आहे’ची. ती देणारा पक्का लबाड होता. आणि गंमत बघा, त्या खोट्या ‘आहे’ने खऱ्या ‘आहे’ची वाट अडवून धरली. रानपिंगळा जेथे कधी आढळला नव्हता तेथे शोधणारे गेले, रित्या हाताने परतले, आणि ‘नाही’ आणखी पक्के झाले. म्हणून आम्ही म्हणतो, की यादी फुगवून दाखवणाराही जिवांचा कैवारी नव्हे. रत्नागिरी जिल्ह्यातील एका बॉक्साइट खाणीसाठी केलेल्या अहवालात रशियातील खाणीच्या अहवालातला मजकूर जसाच्या तसा उतरवल्याचे २००७ च्या सुमारास उघड झाले. त्यात थंड प्रदेशातली स्प्रूस आणि बर्च ही झाडे होती! कोकणच्या कातळावर बर्च! लोक हसले. पण ज्या पानावर बर्च लिहिला गेला, त्या पानावर कोकणातल्या कोणत्या तरी झाडाची जागा गेली, हे हसण्यासारखे नाही.

येथे कोणी विचारील, “मग पाहायचे तरी किती? जन्मभर माळावर बसून राहायचे काय? कधीतरी ‘नाही’ म्हणावेच लागेल.” शंका रास्त आहे आणि तिला उत्तर आहे. २००२ साली मॅकेन्झी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचे गणित मांडले. ते आम्ही सोप्या आकड्यांत सांगतो. समजा, माळावर खोकड आहेच, आणि एका फेरीत ते दिसण्याची शक्यता दहात तीन. म्हणजे न दिसण्याची दहात सात. एकच फेरी करून परत आलात, तर शंभरांपैकी सत्तर वेळा तुम्ही ‘दिसले नाही’ म्हणाल आणि खोकड बिळात झोपलेले असेल. पाच फेऱ्या केल्यात तर सात दशांशाला पाच वेळा गुणायचे. उत्तर साधारण शंभरात सतरा. दहा फेऱ्या केल्या तर शंभरात तीनाहूनही कमी. म्हणजे पुन्हा पुन्हा जाण्याने अंधार कमी होतो. आणि किती कमी झाला हे सांगताही येते. प्रामाणिक सल्लागाराने ‘नाही’ लिहू नये असे आमचे म्हणणे नाही. त्याने लिहावे: अमुक महिन्यांत, अमुक इतक्या फेऱ्या, पहाटे इतक्या आणि रात्री इतक्या, इतके तास पाहिले, दिसले नाही. एवढे लिहिले की त्याचे ‘नाही’ किती वजनाचे आहे ते वाचणाऱ्याला तोलता येते. हे न लिहिता नुसते ‘नाही’ लिहिणे म्हणजे झाकलेल्या मापाने धान्य मोजून देणे होय.

अशी अट घालता येते, हे इतर देशांत दिसले आहे. इंग्लंडात मोठ्या तुऱ्याचा न्यूट म्हणून पाणसरड्यासारखा एक संरक्षित जीव आहे. तो डबक्यात नाही असे म्हणावयाचे तर वसंतात, मार्चच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत, निदान चार वेळा जाऊन पाहावे आणि त्यांतल्या निम्म्या फेऱ्या एप्रिल-मेच्या मधल्या महिन्यात व्हाव्यात, असे तेथील मार्गदर्शन आहे. डिसेंबरात एकदा डोकावून ‘नाही’ म्हटले तर ते धरत नाहीत. तेथेही सल्लागाराचे पैसे बांधकाम करणाराच देतो. तरीही ऋतूची अट घातलेली आहे. एका पाणसरड्यासाठी जे होते ते आपल्या माळासाठी का होऊ नये?

आता मूळ दुखण्याकडे येऊ. सल्लागाराला मेहनताना देतो कोण? ज्याला जमीन हवी आहे तोच. आपल्या पद्धतीत अहवाल करवून घेण्याचे काम प्रकल्पवाल्याचेच आहे. ज्याचे खावे मीठ त्याच्याशी इमान राखावे, ही आपल्याकडची नीती. आणि ती वाईट नाही. तिच्यावर कितीतरी घरे उभी आहेत. मग या माणसाने इमान कोणाशी राखायचे? धन्याशी, की बिळातल्या खोकडाशी?

आमच्या मते येथे इमानाचा अर्थच नीट लावला पाहिजे. वैद्याची फी रोगी देतो. म्हणून रोग्याला आवडेल तो रोग सांगणे हे वैद्याचे इमान नव्हे. सोने पारखून देणाऱ्याला दागिन्याचा मालक पैसे देतो. म्हणून पितळेला सोने म्हणणे हे पारख्याचे इमान नव्हे. दोघांनाही पैसे मिळतात ते खरे सांगण्याबद्दल. खोटे सांगितले की त्यांनी मीठ खाऊन धन्यालाच फसवले. सल्लागाराचेही तसेच. ज्याने खोट्या ‘नाही’वर खाण उभी केली, त्याला पुढे खटले, स्थगिती, लोकांचा रोष हे सारे भोगावे लागते. खरे सांगणारा सल्लागार धन्याला कडू लागला तरी धन्याचाच हितकर्ता असतो.

हे झाले तत्त्व. व्यवहार याहून बिकट आहे, हे आम्ही जाणतो. या धंद्यातली माणसे बहुधा तरुण. रानावनाची आवड म्हणून शिकलेली. घरभाडे असते, आईबापांचे औषधपाणी असते. त्यांना उघड लाच कोणी देत नाही. ‘पक्षी खोडा’ असेही कोणी सांगत नाही. इतकेच सांगतात, “एवढ्या पाखरांची काय गरज? थोडक्यात आटपा. महिनाअखेरीस कागद द्यायचेत.” मग पावसाळ्याची वाट पाहायची राहते. रात्रीची फेरी राहते. मेंढपाळाला विचारायचे राहते. खोटे असे एक अक्षरही लिहिले जात नाही; फक्त पाहणे राहून जाते. पापाची ही वाट फार गुळगुळीत आहे, कारण तिच्यावर पाय घसरला तरी आवाज होत नाही. अशा वेळी ‘मला एवढा एक पावसाळा द्या, नाहीतर मी पाहिले ते चैत्रात पाहिले असे ठळक लिहीन,’ असे म्हणणारा तरुण आम्हाला मोठा वाटतो. पुढचे काम त्याला मिळणार नाही, असा संभव आहे. म्हणूनच केवळ त्याच्या धैर्यावर भिस्त ठेवणे समाजाला शोभत नाही. सल्लागाराचा मेहनताना प्रकल्पवाल्याने द्यावा, पण तो तिसऱ्या हातातून मिळावा आणि सल्लागाराची निवडही त्या तिसऱ्यानेच करावी, ही सूचना बऱ्याच वर्षांपासून जाणकार करीत आले आहेत. ती आम्हाला न्यायाची वाटते.

दुसरी एक शंका. “माणसाला रस्ते नकोत काय? पाखरांसाठी पोरांनी उपाशी राहायचे काय?” नको कसे! पालखीमार्गांच्या रुंदीकरणाची पायाभरणी ८ नोव्हेंबर २०२१ रोजी पंढरपुरात झाली. वाट रुंद झाली की म्हाताऱ्याकोताऱ्यांना चालणे सोपे जाते, हे खरेच. त्या कामी वाटेवरची जुनी सावली देणारी झाडे गेली, हेही खरेच. साक्षीदाराचे काम निवाडा देण्याचे नाही. रस्ता करावा की न करावा हे ठरवणारे वेगळे असतात. साक्षीदाराने एवढेच पाहायचे, की ठरवणाऱ्याला काय जाते आहे ते ठाऊक असावे. मोजलेले झाड तोडले तर त्याच्या बदल्यात काही मागता येते, चार पावले वळसा घेऊन ते वाचवताही येते. न मोजलेले गेले, तर ते गेले हेसुद्धा कोणाला कळत नाही. नुकसान सोसावे लागणे हा संसाराचा भाग आहे. ते नाकबूल करून सोसवणे हा अन्याय आहे.

येथे वारकऱ्यांनी स्वतःकडेही पाहावे. वारीच्या वाटेवर झाडे लावण्याचा उपक्रम हल्ली पुष्कळ दिंड्या करतात. हेतू उत्तम. परंतु झाड लावणे सर्वत्र पुण्याचेच असते, असे मात्र नाही. माळढोकाला, चिंकाऱ्याला, धाविक पक्ष्याला उघडा माळच लागतो. शत्रू लांबून दिसला पाहिजे, धावायला मोकळीक पाहिजे. बारामती तालुक्यात सुपे येथे चिंकाऱ्यांसाठी मयूरेश्वर अभयारण्य १९९७ साली झाले. ते अवघे ५.१४ चौरस किलोमीटर. बाकीचे चिंकारे आजूबाजूच्या पोटखराब्यावर आणि गायरानांवरच जगतात. तेथे चर खणून दाट झाडी लावली, तर आपण हिरवे केले असे आपल्याला वाटेल आणि चिंकाऱ्याचे बिऱ्हाड मोडेल. ‘येथे काही नाही, म्हणून येथे झाडे लावू,’ या आपल्या वाक्यातही तेच आंधळे ‘नाही’ दडून बसले आहे. रस्त्याच्या कडेला, गावठाणात, ओढ्याकाठी वड-पिंपळ-लिंब अवश्य लावावेत. माळावर लावण्यापूर्वी मेंढपाळाला आणि जाणकाराला विचारावे, आणि एक पावसाळा थांबावे.

पसायदानात माउलींनी जे मागितले ते केवळ माणसांपुरते मागितले नाही; जीवमात्रासाठी मागितले. ज्यांच्यासाठी मागणे मागायचे ते कोण, कोठे राहतात, हे पाहण्याचा कंटाळा करून कसे चालेल?

म्हणून करता येण्यासारख्या दोन गोष्टी सांगून हा लेख पुरा करतो. पहिली. आपल्या भागात मोठा प्रकल्प येऊ घातला, तर बहुतेक प्रकल्पांसाठी जनसुनावणी घ्यावी लागते. राज्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळ तिची निदान तीस दिवस आधी नोटीस देते. अहवालाचा सारांश मराठीत मिळतो. जिल्हाधिकारी कचेरीत, जिल्हा परिषदेत तो पाहता येतो. तो वाचावा. पशुपक्ष्यांचे पान काढावे आणि सुनावणीत उभे राहून तीन प्रश्न विचारावेत: कोणत्या महिन्यात पाहिले? किती वेळा पाहिले? रात्री पाहिले काय? उत्तर नसेल तर ते नाही, असे लिहून घ्यायला लावावे. बोलण्याचे बळ नसेल तर लेखी द्यावे.

दुसरी. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत एक समिती असायला हवी आणि तिने गावातील जिवांची लोकनोंदवही ठेवायला हवी. आपल्या गावची वही आहे की नाही, विचारावे. असेल तर ती खरी भरली आहे, की शेजारच्या गावची उतरून काढली आहे, हेही पाहावे. तिच्यात आजीला ठाऊक असलेली रानभाजी, मेंढपाळाला ठाऊक असलेला लांडगा, पोरांना ठाऊक असलेले टिटवीचे अंडे, महिन्यासह आणि जागेसह लिहून ठेवावे. पुढे कोणी चैत्रात येऊन ‘येथे काही नाही’ म्हणाला, तर गावाने ती वही त्याच्यापुढे ठेवावी.

यंदा वाटेने जाताना विसाव्याच्या ठिकाणी क्षणभर टाळ थांबले, की कडेच्या माळाकडे पाहावे आणि कान द्यावा. जे दिसेल, ऐकू येईल, ते तारीख घालून टिपून ठेवावे. अहवाल ज्या ऋतूत माळावर फिरकत नाही, त्या ऋतूत लाखो माणसे त्याच्या कडेने चालत असतात. इतके साक्षीदार दुसऱ्या कोणत्या माळाला मिळणार?

रामकृष्ण हरि.